घरच्या घरी काडतुसे : छंद, हिशेब आणि आपला व्हिसा



विषयाचे नाव वाचून काहींच्या भुवया उंचावतील. गणेशोत्सव, दिवाळी अंक आणि मराठी शाळेच्या बातम्यांमध्ये हे काडतुसांचे प्रकरण कुठून आले, असेही कोणी विचारेल. पण गेल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या आपल्या लोकांमध्ये शूटिंग रेंजवर जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. ऑफिसची टीम आउटिंग रेंजवर होते, शेजारी बोलावतो, मुलगा स्काउट्समध्ये नेमबाजी शिकतो. २०२० नंतर घरात बंदूक ठेवणारी मराठी कुटुंबेही आपल्याला माहीत आहेत. त्यातली काही मंडळी आता पुढची पायरी चढत आहेत. रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या आणि गॅरेजमध्ये त्या पुन्हा भरायच्या. इथे त्याला रीलोडिंग म्हणतात.

बंदूक असावी की नसावी हा वाद आम्ही इथे घालणार नाही. त्यावर आपल्या मंडळातच दोन तट आहेत आणि दोघांनाही आपापली कारणे आहेत. आम्हाला सांगायचे आहे ते वेगळेच. या छंदात एक असा खड्डा आहे, की जो नेमका आपल्यासारख्या व्हिसावर राहणाऱ्या लोकांसाठीच खणला आहे असे वाटावे, आणि दुकानदार त्याची पाटी लावत नाही.

काडतूस म्हणजे काय, आणि ते भरतात कसे

कोकणातल्या मंडळींनी ठासणीची बंदूक पाहिली असेल. नळीत वरून दारू, मग छरे, मग गज घालून ठासायचे. आजच्या पिस्तुलाच्या काडतुसात हेच सगळे एका पितळी पुंगळीत बसवलेले असते. त्यात चार वस्तू असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर (दिवाळीतली टिकली आठवा, तिचेच जास्त तिखट भावंड), आत धूररहित दारू आणि तोंडाशी गोळी. घोडा दाबला की टिकली पेटते, टिकली दारूला पेटवते, वायूच्या दाबाने गोळी बाहेर पडते. यानंतर पितळेची पुंगळी तेवढी उरते, आणि चारांपैकी पुन्हा वापरता येते ती तीच.

रीलोडिंगचे काम टप्प्याटप्प्याने चालते. पुंगळ्या स्वच्छ करायच्या, तडा गेलेल्या फेकून द्यायच्या, हातदाब यंत्रात घालून जुनी टिकली काढायची व पुंगळी मूळ मापावर आणायची. मग नवी टिकली बसवायची, पुंगळीचे तोंड किंचित फाकवायचे, मोजून दारू घालायची, गोळी बसवायची, तोंड पुन्हा आवळायचे आणि प्रत्येक नगाची लांबी मापून बघायची. यंत्र साधे असेल तर एका वेळी एकच काम होते. नवशिक्याला जाणकार लोक हेच यंत्र घ्यायला सांगतात, कारण चूक झाली तर दिसते.

दारूचे माप ग्रेनमध्ये असते. सात हजार ग्रेन म्हणजे एक पौंड. आपल्या सोनाराची गुंज आठवत असेल तर, एक गुंज म्हणजे दोन ग्रेनपेक्षा किंचित कमी. म्हणजे सोनाराच्या काट्याचेच काम आहे, फक्त इथे वजन चुकले तर नुकसान पैशाचे होत नाही. एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली तर पिस्तूल हातात फुटू शकते. दारू पडलीच नाही तर टिकलीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, आणि पुढची गोळी तिच्यावर आदळते. किती दारू घालायची हे गोळी आणि दारू बनवणाऱ्यांच्या छापील पुस्तकातूनच घ्यावे लागते. मित्राने सांगितलेला आकडा चालत नाही, म्हणून आम्ही इथे एकही आकडा देत नाही.

टंचाई का झाली

हा छंद आत्ताच का वाढला? त्याचे उत्तर २०२० मध्ये आहे. त्या वर्षी एफबीआयकडे बंदुकीसंबंधी पार्श्वभूमी तपासणीच्या सुमारे ३ कोटी ९७ लाख विनंत्या गेल्या. आदल्या वर्षी हा आकडा सुमारे २ कोटी ८४ लाख होता. (प्रत्येक तपासणी म्हणजे एक बंदूक असे नाही, पण कल कळतो.) करोनाची भीती, शहरांतली अशांतता, निवडणूक, आणि आशियाई लोकांवरचे हल्ले. आपल्यापैकी अनेकांच्या मनात २०१७ साली कॅन्सासमधील ओलेथ येथे झालेली श्रीनिवास कुचीभोतला यांची हत्याही ताजी होती. शिवाय घरात सोने असते म्हणून भारतीयांची घरे हेरून चोऱ्या होतात, हे आपण सगळे ऐकतो.

मागणी अशी वाढली आणि माल बनवणारे हात मात्र मोजकेच. अमेरिकेत टिकल्या मोठ्या प्रमाणात बनवणारी नावे एका हाताच्या बोटांवर मोजता येतात : सीसीआय, फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. त्यातली रेमिंग्टन २०२० च्या जुलैमध्ये दिवाळखोरीत गेली, आणि तिचा काडतुसांचा धंदा सीसीआय व फेडरलच्याच मालकाने, म्हणजे व्हिस्टा आउटडोअरने घेतला. म्हणजे चार नावांपैकी तीन एका घरात आली. पुढे २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये हा सगळा काडतूस व्यवसाय चेक प्रजासत्ताकातील चेकोस्लोव्हाक ग्रुपने विकत घेतला. टंचाईच्या काळात कारखाने आपल्या टिकल्या साहजिकच आधी स्वतःच्या तयार काडतुसांत घालतात. सुट्या टिकल्या घेऊन घरी भरणाऱ्याचा नंबर शेवटी लागतो. म्हणजे ज्या टंचाईतून सुटका म्हणून लोक रीलोडिंगकडे वळले, त्या टंचाईत सर्वांत आधी गायब झाली ती टिकलीच.

दारूची गोष्ट आपल्याला आणखी जवळची आहे. धूररहित दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज, आणि ते बनते कापसाच्या सरकीवर उरलेल्या बारीक तंतूपासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून. वऱ्हाड-खानदेशातल्या वाचकांना सरकी काय ते सांगायला नको. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले तसे तोफगोळ्यांसाठी याच मालाची मागणी वाढली. सरकीच्या या तंतूसाठी युरोपातले कारखाने मोठ्या प्रमाणावर चीनवर अवलंबून आहेत. युद्ध तिकडे, आणि न्यू जर्सीतल्या दुकानात दारूचा डबा महाग! जागतिकीकरण म्हणतात ते हेच.

पैसे खरेच वाचतात का?

जमाखर्च मांडून पाहू. आकडे ढोबळ आहेत, दुकानानुसार बदलतील. ९ मिमी पिस्तुलाची गोळी नगाला १० सेंटच्या आसपास, टिकली ६ ते ८ सेंट, दारू ३ ते ४ सेंट. पुंगळी फुकट धरली तरी २० सेंटच्या आसपास खर्च आला. तयार काडतूस टंचाई नसताना साधारण २५ सेंटला मिळते. म्हणजे नगामागे बचत ५ सेंट. यंत्र, काटा, मापपट्टी, पुस्तक असा सुरुवातीचा संच ३०० डॉलरचा धरला, तर तो वसूल व्हायला ६००० काडतुसे भरावी लागतील. महिन्यातून एकदा रेंजवर जाऊन १०० गोळ्या झाडणाऱ्याला त्यासाठी पाच वर्षे लागतील. त्यात आपल्या वेळेची किंमत धरलेली नाही.

मोठ्या किंवा कमी खपाच्या मापांत बचत जास्त असते, आणि स्पर्धेत उतरणाऱ्याला आपल्या पिस्तुलाला जुळणारी एकसारखी काडतुसे हवी असतात. तिथे या छंदाला अर्थ आहे. पण नुसते "स्वस्त पडते" म्हणून कोणी सुरू करत असेल, तर त्याने आधी हा हिशेब करावा.

मुख्य मुद्दा : कायद्यातला "दारूगोळा"

आता ज्यासाठी हा लेखप्रपंच केला तो मुद्दा.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगता येत नाही. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, पर्यटक व्हिसा हे सगळे त्यात येतात. काही अपवाद आहेत. त्यातला सर्वांना माहीत असलेला म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला वैध शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी लागू नाही.

इथपर्यंत बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण याच कायद्यात "दारूगोळा" या शब्दाची व्याख्या दिली आहे, ती फार थोड्यांनी वाचलेली असते. तिच्यात तयार काडतुसाबरोबर पुंगळी, प्रायमर, गोळी आणि बंदुकीसाठीची दारू हेही सुटेसुटे मोजले आहेत. म्हणजे ज्याच्याकडे एकही बंदूक नाही, एकही तयार काडतूस नाही, पण गॅरेजच्या फळीवर टिकल्यांची डबी आणि दारूचा डबा आहे, तोही कायद्याच्या भाषेत दारूगोळा बाळगतो आहे.

यात फसगत होते ती अशी. बंदूक विकत घ्यायला गेलात तर दुकानदार एक केंद्रीय फॉर्म भरून घेतो. त्यात नागरिकत्व आणि व्हिसाबद्दल स्पष्ट प्रश्न असतात, आणि तिथेच माणूस सावध होतो. टिकल्या, गोळ्या, दारू घेताना मात्र बहुतेक राज्यांत असा काही फॉर्म नसतो. पैसे द्यायचे आणि पिशवी घ्यायची. कोणी विचारले नाही म्हणजे चालते, असा आपला समज होतो. दुकानदाराने विचारले नाही म्हणून बंदी उठत नाही.

शिक्षा किती? २०२२ च्या कायद्याने या गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वर्षांवरून १५ वर्षे केली. शिवाय अशा गुन्ह्यात दोषी ठरल्यास देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते आणि मग वर्षानुवर्षे रांगेत असलेल्या ग्रीन कार्डाचे काय होणार हे सांगायला नको.

"आम्ही फक्त रेंजवर जाऊन चार गोळ्या झाडल्या, बंदूक त्यांचीच होती" हे उत्तर पुरेसे नाही. रेहाईफ खटला आठवा. संयुक्त अरब अमिरातीतून विद्यार्थी व्हिसावर आलेल्या या तरुणाला फ्लोरिडातल्या विद्यापीठाने काढून टाकले, त्याचा दर्जा गेला, आणि नंतर रेंजवर बंदुका हाताळल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ठरवले की आपण बंदी असलेल्या वर्गात मोडतो हे आरोपीला माहीत होते, हेही सरकारने सिद्ध केले पाहिजे. आरोपीच्या बाजूने निकाल लागला खरा. पण आपल्याला आपला व्हिसा कोणता ते पक्के माहीत असते, त्यामुळे या निकालाचा आधार आपल्याला फारसा नाही.

आपल्या घरांची खरी अडचण

कायदा एच-१बीवाल्याला तात्पुरता पाहुणा समजतो. प्रत्यक्षात आपले हे "तात्पुरते" पाहुणे पंधरा-पंधरा वर्षे इथे आहेत. घराचे हप्ते भरतात, कर भरतात, मुले इथली नागरिक आहेत, शेजाऱ्याशी बार्बेक्यूवर गप्पा होतात. ग्रीन कार्डाची रांग भारतीयांसाठी इतकी लांब आहे की माणूस मनाने केव्हाच इथला झालेला असतो, कागदावर मात्र नसतो. शेजाऱ्याला जे चालते ते आपल्याला का चालू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. ते चालत नाही, हे लक्षात ठेवणे हीच सावधगिरी.

दुसरे म्हणजे एका घरात अनेक दर्जांची माणसे. नवरा ग्रीन कार्डवर, भाचा एफ-१वर तळघरात राहायला, आई-बाबा सहा महिन्यांसाठी पर्यटक व्हिसावर. नवऱ्याचा छंद कायदेशीर आहे. पण गॅरेजच्या कपाटाची किल्ली भाच्याकडेही आहे आणि तो मदतीला पुंगळ्या भरू लागतो, तेव्हा प्रश्न भाच्याचा होतो. हातात वस्तू नसली तरी ती माहीत असणे आणि तिच्यावर ताबा असणे, यावरून "बाळगणे" सिद्ध करता येते. म्हणून ज्यांना परवानगी आहे त्यांनी सगळे कुलपात ठेवावे आणि किल्ली स्वतःकडेच ठेवावी. अर्ज प्रलंबित असलेल्यांनी, ज्यांचा दर्जा मधल्या अवस्थेत आहे त्यांनी, इमिग्रेशनचा वकील विचारल्याशिवाय काहीही हातात घेऊ नये. मित्राचा सल्ला इथे उपयोगाचा नाही, आमचाही नाही.

राज्यांचे नियम आणखी वेगळे. इलिनॉयमध्ये दारूगोळ्यासाठी राज्याचे ओळखपत्र लागते, न्यू जर्सीत पिस्तुलाच्या काडतुसांसाठी परवाना लागतो, न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून काडतूस खरेदीलाही पार्श्वभूमी तपासणी आली. कॅलिफोर्नियात ती जुलै २०१९ पासून सुरू झाली. जुलै २०२५ मध्ये नवव्या सर्किट न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला, पण वाद तिथे मिटला नाही. म्हणून खरेदीच्या दिवशी आपल्या राज्याचा नियम पाहावा. आणि स्वतःपुरती काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नसला तरी विकण्यासाठी भरायला तो लागतो. "मित्राला शंभर भरून दिले, त्याने पैसे दिले" हा धंदा ठरू शकतो.

घर, मुले आणि शिसे

स्फोटाची भीती सगळ्यांना वाटते, शिशाची कोणालाच वाटत नाही. बहुतेक टिकल्यांमध्ये शिशाचे संयुग असते. वापरलेल्या पुंगळ्या यंत्रात घोळवून स्वच्छ करताना जी धूळ उडते तिच्यात ते असते. मुलांच्या रक्तात शिशाचे कुठलेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. सीडीसीने २०२१ मध्ये लहान मुलांसाठीची संदर्भ पातळी ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली.

आपल्या घरात एकच टेबल असते. त्यावर गृहपाठ होतो, त्यावरच मोदकांची उकड मळतात. त्या टेबलावर पुंगळ्या येता कामा नयेत. काम गॅरेजमध्ये, हवा खेळती ठेवून, वेगळ्या कपड्यांत करावे. जवळ खाणेपिणे नको, नंतर साबणाने हात धुवावेत. झाडूने धूळ उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

साठ्याचेही नियम आहेत. अनेक ठिकाणी स्वीकारल्या गेलेल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संहितेप्रमाणे राहत्या घरात धूररहित दारू २० पौंडांपर्यंत, मूळ डब्यातच ठेवता येते. त्यावर ५० पौंडांपर्यंत एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत. टिकल्या १०,००० पर्यंत. आपल्या गावाचा नियम याहून कडक असू शकतो. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी भाडेकरार आणि विमा दोन्ही वाचावेत.

मुलांबद्दल एकच गोष्ट सांगतो. २०२० मध्ये अमेरिकेत १ ते १९ वयोगटातील मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण बंदूक हे ठरले. बंदुकीने होणाऱ्या एकूण मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. अभ्यासाचा ताण, दोन संस्कृतींची ओढाताण, घरात न बोलले जाणारे नैराश्य हे सगळे आपल्या मुलांनाही आहे. "आमच्या घरात असे होणार नाही" हे वाक्य कुलपाची जागा घेऊ शकत नाही.

भारतात जाताना

सुट्टीत जाताना बॅगा भरतो त्या घाईत. रेंजवर नेलेल्या बॅगेच्या कप्प्यात एखादे काडतूस राहून जाते आणि भारतातल्या विमानतळावर ते क्ष-किरण यंत्रात दिसते. मग शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा. आपल्याकडे ते आहे याची जाणीव नसेल तर तो गुन्हा होत नाही, या तत्त्वावर न्यायालयांनी अनेकांना सोडवले आहे. पण तोपर्यंत विमान चुकते, पोलीस ठाणे होते, वकील होतो, महिने जातात. त्या कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग तर आहेतच, काडतूस बनवण्याची यंत्रसामग्रीही आहे. तेव्हा कोल्हापूरच्या नेमबाज पुतण्यासाठी भेट म्हणून असले काही नेऊ नये. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. टिकल्या आणि दारू तर टीएसए कुठल्याच बॅगेत चालू देत नाही. म्हणून प्रवासाला रेंजची बॅग वापरूच नये. दप्तरालाही हाच नियम. मुलाने मौज म्हणून नेलेली रिकामी पुंगळी शाळेत मोठे प्रकरण होऊ शकते.

शेवटी

नेमबाजी आपल्याला परकी नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले, कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य आणले. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे, आणि पुण्यातल्या कितीतरी घरांचा संसार त्याच्या पगारावर झाला. त्या कारखान्यात माणूस जे शिस्तीत, देखरेखीखाली करतो, तेच आपण गॅरेजमध्ये एकट्याने करायला निघालो आहोत, एवढे भान असावे.

ज्यांना कायद्याने परवानगी आहे आणि हौस आहे, त्यांनी जाणकाराच्या हाताखाली शिकून, पुस्तक समोर ठेवून, फोन बाजूला ठेवून करावे. ज्यांच्या पासपोर्टवर अजून व्हिसाचा शिक्का आहे, त्यांनी ग्रीन कार्ड येईपर्यंत टिकलीच्या डबीलाही हात लावू नये. शेजाऱ्याला "नको, आमच्या व्हिसात चालत नाही" असे सांगण्यात कमीपणा नाही.

हा लेख कायदेशीर सल्ला नव्हे. आपल्या ओळखीत नुकताच आलेला एखादा विद्यार्थी असेल, तर त्याला मात्र हे जरूर वाचून दाखवा.

कळावे, लोभ असावा.

— संपादक मंडळ